एक फोटो तीन तासांत, दुसरा १६८ दिवसांनी

पोस्ट मोठी झालीये. सकाळच्या घाईत नका वाचू, रात्री निवांत वाचा. आणि आधीच सांगते, यात कुठल्या दवाखान्याचं किंवा माणसाचं नाव घेऊन तक्रार नाहीये. जी काही तक्रार आहे त्यातली निम्मी माझी माझ्याशीच आहे.

गेल्या वर्षीची १० ऑगस्ट. रविवार, आणि दुसऱ्या दिवशी तिसरा श्रावणी सोमवार. त्र्यंबकमध्ये राहणाऱ्यांना या दिवसाचं वेगळं सांगायला नको. दुपारपासून ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसं लोटायला लागतात, खंबाळ्याला खासगी गाड्या थांबवतात, पुढे फक्त एसटी. आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्या गडबडीत आमचा धाकटा, वय वर्षं पाच, ओट्यावरून पाठमोरा खाली आला. ओटा तीन फुटांचा, खाली दगडी फरशी. डोकं आपटल्याचा आवाज मला आत स्वयंपाकघरात ऐकू आला. आई असलेल्यांना कळेल तो आवाज काय असतो.

लगेच रडला. जोरात रडला. डोक्यामागे लिंबाएवढं टेंगूळ आलं. बेशुद्ध पडला नाही, उलटी नाही, दहा मिनिटांत पार्ले बिस्किट मागायला लागला. गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, चालायला लावलं, एका पायावर उभं केलं, कानात पाहिलं. म्हणाले, "ताई, काही करायचं नाही. सहा तास डोळ्यासमोर ठेवा. उलट्या झाल्या, गुंगी आली, वेगळंच काही बोलायला लागला तर लगेच घेऊन या. स्कॅनची गरज नाही."

घरी आलो तर ओट्यावर सभा भरलेली. सासूबाई, शेजारच्या काकू, मुंबईहून फेरीसाठी आलेले पाहुणे. सगळ्यांचं एकच, "डोक्याचं आहे. नाशिकला न्या. नंतर रडत बसाल." पाहुण्यांनी कुणाच्या तरी मुलाची गोष्ट सांगितली, रात्री झोपला तो उठलाच नाही. झालं. गर्दीच्या उलट्या दिशेने, पोलिसदादांना हात जोडत, शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही नाशिकला निघालो.

नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांनी पुन्हा सगळं तपासलं आणि शब्दाला शब्द तेच सांगितलं. घरी जा, लक्ष ठेवा. तेव्हा मी जे वाक्य बोलले ते आजही मला झोपू देत नाही. मी म्हणाले, "डॉक्टर, पैशाचा प्रश्न नाही हो."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मला माहितीये. पण पैशासाठी नाही म्हणत नाहीये मी." तरी आम्ही ऐकलं नाही. नवऱ्याने फोनाफोनी केली, एका सेंटरवर काम झालं. वय विचारलं ते पावतीवर लिहायला. पोरगं घाबरून हललं, चित्र खराब आलं, म्हणून दोघांनी धरून पुन्हा काढलं. म्हणजे दोनदा. मला त्या वेळी वाटलं, किती चांगली माणसं, पुन्हा काढूनसुद्धा जादा पैसे घेतले नाहीत! रिपोर्ट नॉर्मल. ओट्यावरून पडल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत तीन तास दहा मिनिटं. रात्री घरी आल्यावर देवापुढे साखर ठेवली.

आता दुसरी गोष्ट. तीन दिवसांनंतरची. १३ ऑगस्ट, बुधवार.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते हे बऱ्याच जणांना माहितीये. शाळा हरसूल रस्त्याच्या आत, पाड्यावर. नाव लिहीत नाही, कारण पुढे जिच्याबद्दल लिहितेय ती मुलगी ओळखू यायला नको. त्या दिवशी शाळेत आरबीएसकेची गाडी आली होती, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. ही गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक नर्सताई. देशातला हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या शेजारी, पालघरला. आपल्या डोंगराच्या पलीकडे मोखाडा-जव्हार, त्याच्याही खाली. हे आपल्याकडे कुणाला फारसं माहीत नसतं. मलाही गाडीतल्या डॉक्टरांनीच सांगितलं.

दुसरीतली एक मुलगी. सात वर्षांची. बारीक, पण पाड्यावरची सगळीच बारीक, म्हणून मी कधी वेगळं लक्ष दिलं नव्हतं. लंगडी खेळताना ही लवकर बाद व्हायची आणि भिंतीला टेकून बसायची. मी तिला आळशी म्हणायचे. मायेने म्हणायचे, पण म्हणायचे. पावसाळ्यात तिला दर पंधरा दिवसांनी खोकला. डॉक्टर मॅडमनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग मला बोलावलं आणि नळ्या माझ्या कानात घातल्या. "ऐका."

मला वाटलं होतं लब-डब ऐकू येईल. तसं काही नव्हतं. लांबून पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर, मध्ये खंड नाही. माझ्या वर्गात दीड वर्ष ही गिरणी चालू होती आणि मला पत्ता नव्हता.

मॅडमनी नीट समजावलं. लहान मुलांच्या छातीत जादा आवाज येणं फार नेहमीचं आहे आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, मूल मोठं झालं की जातात. कान एवढंच सांगतो की काहीतरी आहे. काय आहे आणि किती आहे हे बघायला टूडी इको लागतो. हा आवाज मात्र त्यांना साधा वाटत नव्हता. त्यांनी चिठ्ठी लिहिली, नाशिकच्या तपासणीची तारीख दिली. त्यांचं काम त्यांनी चोख केलं, हे मुद्दाम लिहितेय, कारण सरकारी गाडी म्हटलं की आपण आधी नाक मुरडतो.

मग ती तारीख आली आणि गेली. भाताची आवणी उरकून नागली निंदायचे दिवस, त्यात गणपती. बापाने सांगितलं, "मॅडम, ती खाती, पिती, शाळंत येती. मंग कशाला?" पाड्यावरून जीपने त्र्यंबक, तिथून एसटीने नाशिक तीसेक किलोमीटर, तिथे दिवसभर बसायचं, परत येताना शेवटची जीप मिळेल याची खात्री नाही. दोघांचा रोज बुडणार. पोरगी समोर पळतेय. त्यांच्या जागी मी असते तर गेले असते का, खरं सांगते, माहीत नाही. दुसरी तारीख ऑक्टोबरची. तेव्हा माझं प्रशिक्षण होतं, मी फोन केला नाही, त्यांनी केला नाही. चिठ्ठी पावसात भिजली होती, तिची शाई पसरली होती. दिवाळी झाली आणि कुटुंबच्या कुटुंब द्राक्षाला निघून गेलं. दिंडोरीकडे. मुकादमाबरोबर. पोरगीही गेली. हजेरीवर मी तिच्या नावापुढे स्थलांतरित असं लिहिलं, ते लिहिताना मला चिठ्ठीची आठवण झाली नाही.

आठवण झाली ती जानेवारीत, संक्रांतीला. वर्गात तिळगूळ वाटताना तिच्या जागेवर दुसरी बसली होती. त्या रात्री पटपट हिशोब केला. माझ्या पोराच्या टेंगळासाठी तीन तास. हिच्या छातीतल्या गिरणीसाठी पाच महिने झाले, अजून काहीच नाही. आणि माझ्या पोराला तर तपासणी नकोच होती!

मुकादमाचा नंबर शोधायला चार दिवस गेले. तो सापडल्यावर कळलं, ही मंडळी ज्या मळ्यावर आहेत तिथून नाशिक पाड्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. अडीच महिने ती पोरगी त्या मशीनच्या जवळ राहत होती. लांब होतो आम्ही, कागद आणि तारखा. मळ्याचे मालक चांगले निघाले, म्हणाले, "मॅडम, आधी सांगायचं ना, माझ्याच गाडीत पाठवलं असतं."

२८ जानेवारीला मी किरकोळ रजा टाकली. ती, तिची आई आणि मी. गाडीतल्या डॉक्टर मॅडमनी पुन्हा कागद करून दिला. १३ ऑगस्ट ते २८ जानेवारी, १६८ दिवस.

इकोची खोली अंधारी असते. तिला वाटलं सुई टोचणार. डॉक्टर म्हणाले, "सुई नाही, फक्त गार जेली." छातीवर जेली, त्यावर साबणाच्या वडीएवढं यंत्र फिरवलं आणि पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करताना दिसायला लागलं. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि आत रंग भरले, लाल आणि निळा. मी लगेच शहाणपणा केला, "लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं अशुद्ध ना?" वर्गात तेच चित्र शिकवते मी. डॉक्टर म्हणाले, "नाही. लाल म्हणजे यंत्राकडे येणारं रक्त, निळं म्हणजे लांब जाणारं. शुद्ध-अशुद्ध मशीनला कळत नाही." असो, बावीस वर्षांच्या नोकरीत एक नवीन धडा.

मग त्यांनी पडदा थांबवून बोट ठेवलं. फुप्फुसाकडे जाणारी मोठी नळी. तिथे निळं वाहायला पाहिजे. तिथे वरून एक लालभडक झोत घुसत होता, दिवटीसारखा. डॉक्टर म्हणाले, "ही तुमची गिरणी."

साध्या भाषेत सांगते, मला कळलं तसं. बाळ पोटात असताना त्याचं फुप्फुस कामाला लागलेलं नसतं, म्हणून तिकडचं रक्त वळवायला दोन मोठ्या नळ्यांच्या मधे एक आडवाट असते. जन्मल्यावर थोड्या दिवसांत ती आपोआप बुजते. काहींची बुजत नाही. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये हे जास्त दिसतं. वाट मोठी असेल तर अंगात जायचं रक्त पुन्हा पुन्हा फुप्फुसात शिरतं, म्हणून सारखा खोकला, म्हणून दम, म्हणून वजन वाढत नाही. हृदयाची डावी बाजू जास्तीचं काम करून करून मोठी होत जाते. फार वर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या खराब होतात आणि मग वाट बुजवूनही उपयोग नसतो. हिची डावी बाजू थोडी मोठी झाली होती. वेळ गेलेली नव्हती.

पोरीने सगळ्यात शहाणा प्रश्न विचारला. "बाई, ते माझं हाय?" पडद्याकडे बघून. आईने पदर तोंडाला लावला. आईला काय कळलं असेल नसेल, पण "ती खाती, पिती" हे वाक्य त्या दिवसानंतर त्या घरात कुणी बोललं नाही. हजार वेळा सांगून जे पटलं नव्हतं ते बघितल्यावर पटलं.

मार्चमध्ये मुंबईला तिची ती वाट बुजवली. छाती उघडावी लागली नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेली आणि बूच बसवलं. शासनाच्या योजनेतून झालं, घरच्यांना प्रवासाशिवाय खर्च आला नाही. मला नंतर वाचताना कळलं की या आजाराची जगातली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९३८ मध्ये अमेरिकेत बोस्टनला झाली, रॉबर्ट ग्रॉस नावाच्या डॉक्टरांनी केली. ती मुलगीही सात वर्षांचीच होती. तेव्हा इको नव्हता. डॉक्टरांचे कान आणि एक्स-रे, एवढ्यावर छाती उघडायचं धाडस. इको आला १९५३ मध्ये, स्वीडनमध्ये. एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी पहिल्यांदा ध्वनिलहरींनी हृदय बघितलं, आणि सुरुवातीचं यंत्र आणलं होतं जहाजाच्या कारखान्यातून उसनं. धातूत कुठे चीर पडलीये का हे बघायचं यंत्र! मला ही गोष्ट फार आवडली. वर्गात सांगणार आहे.

आता माझ्या पोराकडे येते. इकोच्या खोलीत मी सहज विचारलं, "यातून काही किरण वगैरे जात नाहीत ना हिच्या अंगात?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही, हा नुसता आवाज आहे, आपल्याला ऐकू न येणारा. किरण एक्स-रेत असतात, आणि सीटी स्कॅनमध्ये बरेच." मी विचारलं, बरेच म्हणजे किती? मग कळलं. आपण जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षभरात जेवढं किरणोत्सर्जन असंही अंगावर घेतो, साधारण तेवढं डोक्याच्या एका सीटीत काही सेकंदांत मिळतं. छातीच्या साध्या एक्स-रेच्या मानाने शंभरेक पट. आणि माझ्या पोराचा सीटी दोनदा झाला होता.

घाबरवायला लिहीत नाहीये. मी स्वतः घाबरले, मग शोधून वाचलं. ब्रिटनमध्ये लहानपणी सीटी झालेल्या पावणेदोन लाखांवर मुला-तरुणांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये लॅन्सेटमध्ये एक अभ्यास आला. दहा वर्षांखालच्या मुलांचे डोक्याचे दहा हजार सीटी केले तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कॅन्सरची एक आणि मेंदूच्या गाठीची एक जास्तीची केस होईल असा त्यांचा अंदाज. म्हणजे धोका अगदी थोडा. ज्या मुलाला खरंच गरज आहे, बेशुद्ध पडलंय, उलट्या थांबत नाहीत, उंचावरून पडलंय, त्याने एक क्षणही न थांबता सीटी करावा, तिथे सीटी जीव वाचवतो. पण माझ्या पोराला गरज नव्हती, आणि हे दोन डॉक्टर नुसत्या अंदाजाने म्हणत नव्हते. २००९ मध्ये अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या बेचाळीस हजारांवर मुलांना तपासून नियम बसवलेत. दोन वर्षांवरचं मूल, शुद्ध गेली नाही, उलटी नाही, वागणं नेहमीसारखं, जोराचं डोकं दुखत नाही, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर झाल्याची खूण नाही, पाच फुटांहून वरून पडलेलं नाही, तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता दोन हजारात एकापेक्षा कमी. गावातल्या डॉक्टरांनी एका पायावर उभं केलं, कानात पाहिलं, ती सगळी ही तपासणीच होती. मी त्याला तपासणी मानलंच नाही. मशीन नाही म्हणजे तपासणी नाही, असं माझ्या डोक्यात.

आणि हे फक्त माझं नाहीये ना? फोटो काढला नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही, असं आपल्याला वाटतं. खोकल्याला एक्स-रे, पोटात दुखलं की सोनोग्राफी, पडला की सीटी. ज्यांच्याकडे गाडी आणि "पैशाचा प्रश्न नाही" हे वाक्य आहे ते मागून घेतात. ज्यांच्याकडे नाही त्यांच्या मुलांना डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेली तपासणीसुद्धा होत नाही.

पुढचा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला तो असा, हे मशीन तर केवढंसं, लॅपटॉपएवढीही मिळतात म्हणे, मग त्र्यंबकला, हरसूलला घेऊन का येत नाही? ते म्हणाले, "कायदा माहितीये का?" मला गर्भलिंगनिदानाचा कायदा माहीत होता, पण त्याचा इकोशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं. ध्वनिलहरींच्या यंत्रात पोटातलं बाळही दिसू शकतं, म्हणून अशा प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, ते ज्या जागेवर नोंदवलंय तिथेच वापरायचं. उचललं आणि पाड्यावर नेलं असं चालत नाही.

आता यावर पटकन "कायदाच चुकीचा" असं लिहू नका प्लीज. असा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. देशाचा आला १९९४ मध्ये. आणि तरीही सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. मशीन मोकळं सोडलं तर काय होतं ते आपण बघितलंय. मुली वाचाव्यात म्हणून यंत्राला कुलूप लागलं. आता दुसरीतल्या एका मुलीलाच त्या यंत्रापर्यंत पोहोचायला १६८ दिवस लागले, याचं काय करायचं ते मला सुचत नाही. पण त्याच नियमांत एक दार आहे. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे फिरत्या वैद्यकीय पथकात, बाकीच्या आरोग्यसेवांसोबत, नोंदणी करून असं यंत्र वापरता येतं. म्हणजे कायदा आडवा नाही. कुणीतरी मागायला पाहिजे, कुणीतरी सही करायला पाहिजे, आणि मुलांचा इको करता येणारा माणूस यायला पाहिजे.

शेवटचं सगळ्यात अवघड आहे, हे मान्य. मोठ्या माणसाचा इको करणारे नाशिकमध्ये पुष्कळ. मुलांचं हृदय लहान, ठोके जास्त, आजार वेगळे, यंत्राचा तो फिरवायचा भागही वेगळा लागतो. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला, आता एआय सगळं सांगेल, डॉक्टर लागणार नाही. टीबीच्या मोहिमेत हातात धरायचे एक्स-रे आलेत आणि संगणक फोटो वाचतो, हे खरंच आहे, चांगलंच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये टीबीचा फोटो संगणकाकडून वाचून घ्यायला मान्यता दिली ती पंधरा वर्षं आणि त्यावरच्या माणसांसाठी. लहान मुलांचा टीबी फोटोत वेगळा दिसतो. पोरांच्या बाबतीत अजून तरी माणूस लागतो.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. नोकरीत आहे, जपून लिहिते. ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाची ध्वजा चढणार. रस्ते खणलेत, घाट होतायत, रोज धूळ खातोय आपण, आणि आरोग्याचाही आराखडा असणारच. मागच्या कुंभातही तात्पुरते दवाखाने उभे राहिले, पर्वणी संपली आणि तंबू उठले. या वेळी त्यातलं एवढंच मागे राहू दे, की महिन्यातून एक दिवस मुलांचा इको आणि सोनोग्राफी बघणारा डॉक्टर त्र्यंबकला बसेल. वेगळी इमारत नको. त्या एका दिवसासाठी आरबीएसकेच्या गाडीने आपापल्या पाड्यांवरची चिठ्ठीवाली मुलं घेऊन यावीत. जन्मलेल्या हजार बाळांत साधारण आठ-नऊ हृदयात दोष घेऊन येतात, सगळीकडेच. आपल्या तालुक्यातही येतच असणार.

दुसरं मागणं आपल्याकडेच आहे, सरकारकडे नाही. ज्या मुलाला चिठ्ठी मिळालीये त्याचं नाव हजेरीवर स्थलांतरित झालं की त्याच दिवशी कुणालातरी कळलं पाहिजे. मी एक साधी वही केलीये. मुलाचं नाव, तारीख, मुकादमाचा नंबर, मळ्याचं गाव. आमच्या केंद्रातल्या तीन शाळांनी आतापर्यंत अशी वही केली. १५ जूनला शाळा उघडतेय, दिवाळीपर्यंत बाकीच्यांनी केली तर बरं होईल. ज्यांचे दिंडोरी, निफाड, गिरणारे भागात मळे आहेत किंवा जे मुकादमांना ओळखतात त्यांनी मला मेसेज करा, नंबर इथे कमेंटमध्ये टाकू नका.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे. मसुदा लिहिलाय, पण माझी भाषा जरा निबंधासारखी होते. कुणी वकील किंवा ग्रामसेवक मित्र नजरेखालून घालेल का?

आणि हो, ती येणारे तिसरीत. परवा पाड्यावर गेले होते तर चिंचेखाली लंगडी चालली होती. बाद झाली होती, पण भिंतीला टेकून नव्हती बसली. दुसरी कशी खोटं खेळते यावर भांडत होती.